उन्हाळ्यात बाहेर फोटो काढायचेत? मग आधी स्वतःची सावली बघा

मावसभावाच्या मुलाची मुंज होती, वाईजवळच्या एका गावात, ऐन मे महिन्यात, आणि "तुझ्याकडे एवढा मोठा कॅमेरा आहे, मग फोटोवाला कशाला सांगायचा" असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मीही हुरळले. अंगणात मंडप, वरून निळं-पिवळं कापड, मुहूर्त दुपारचा. चारेकशे फोटो काढले, घरी येऊन लॅपटॉपवर बघते तर बटू निळा, मावशी अर्धी पिवळी, आणि मंडपाबाहेर सगळ्यांना रांगेत उभं करून काढलेल्या ग्रुप फोटोत प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. मावशी एका शब्दाने बोलली नाही, पण तो ग्रुप फोटो तिने आजपर्यंत फॅमिली ग्रुपवर टाकलेला नाही, यावरून काय ते मला कळलं.

कॅमेऱ्याचा दोष नव्हता, मलाच लाईट बघता येत नव्हता. त्यानंतर दोन-तीन उन्हाळे धडपडून जे कळलं ते इथे लिहितेय, नव्याने फोटो काढायला लागलेल्यांसाठी. मोबाईल असो नाहीतर कॅमेरा, निम्म्याहून जास्त गोष्टी दोन्हीला सारख्याच लागू आहेत.

पायरी पहिली : ऊन वेगळं, उजेड वेगळा

आपल्याकडे हे दोन शब्द आहेत ते फार कामाचे आहेत. ऊन म्हणजे थेट सूर्याकडून, एकाच बाजूने येणारं, त्याची सावली कशी, कात्रीने कापल्यासारखी. उजेड म्हणजे आभाळातून, समोरच्या भिंतीवरून, अंगणातल्या फरशीवरून परतून सगळीकडून येणारा, त्याची सावली मऊ असते किंवा नसतेच. नवीन माणसाला वाटतं जेवढं ऊन जास्त तेवढा फोटो भारी. तसं नाहीये. आपले डोळे पटापट जुळवून घेतात, उन्हातून पडवीत गेलं की दोन मिनिटांत सगळं दिसायला लागतं, उन्हातलं पण आणि सावलीतलं पण. कॅमेऱ्याला ते एका फोटोत जमत नाही, त्याला एक काहीतरी निवडावं लागतं, आणि तो जे सोडून देतो ते एकतर काळं पडतं नाहीतर पांढरंफटक.

किती फरक असतो सांगते. फिल्मच्या काळातला एक अंदाज आहे, सनी सिक्स्टीन म्हणतात त्याला. कडक उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवायचं (हे लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं भोक लहान) आणि शटर, म्हणजे किती वेळ उजेड आत घ्यायचा ते, आयएसओच्या, म्हणजे उजेड पकडायच्या क्षमतेच्या, आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० तर शटर १/१०० किंवा १/१२५. त्याच हिशोबात मोकळ्या सावलीला एफ ४ धरतात. एफ १६ पासून एफ ४ म्हणजे चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे सावलीत उन्हाच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच उजेड. सोळा पट! मग झाडाखाली बसलेल्या आजीचा चेहरा नीट आला की मागचं अंगण जळून पांढरं होणारच, त्यात मोबाईलची काही चूक नाही.

पायरी दुसरी : घड्याळ नंतर, सावली आधी

फोटोग्राफीचा कुठलाही व्हिडिओ लावा, तो माणूस "गोल्डन अवर, गोल्डन अवर" करत असतो, सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताच्या आधीचा एक तास. हे व्हिडिओ बरेचसे युरोप-अमेरिकेत बनलेले असतात आणि तिथे ते खरंही असतं. लंडनला जूनमध्ये सूर्य तिरपा तिरपा सरकत वर येतो आणि भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून ६२ अंशांच्या वर जात नाही. आपल्याकडे तो सरळ शिडी लावल्यासारखा वर चढतो. पुण्यात मेच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि अर्ध्या तासात सहा अंशांच्या वर गेलेला असतो, सोनेरी ऊन साधारण तेवढ्या उंचीपर्यंतच, म्हणजे ते सोनेरी प्रकरण अर्ध्या तासात आटोपलं. लंडनला तेवढ्यालाच पाऊण तासाच्या वर लागतो. तेव्हा "तासभर आहे की अजून" म्हणून चहा पीत बसलात तर गेलं, मी बसलेय तशी.

म्हणून घड्याळापेक्षा जमिनीवरची आपली सावली बघायची. माझे तीन टप्पे ठरलेत, पुण्याचे मेच्या मध्यातले आकडे सोबत देते.

सावली तुमच्या उंचीच्या दुप्पट किंवा त्याहून लांब असेल तर बिनधास्त काढा. हे सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर.

सावली तुमच्याएवढी होईपर्यंत चालतं, पण सांभाळून, माणसाला जरा वळवून, कुठेतरी पांढरं काही धरून. सकाळी सव्वानऊ-साडेनऊपर्यंत, दुपारी पावणेचारनंतर.

सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की माणसांना उन्हात उभं करायचंच नाही. सावली शोधायची, किंवा माणसांचा नाद सोडून दुसरं काहीतरी काढायचं.

आणि आपल्याकडे मे महिन्यात तर ती सावली पायाखाली गायबच होते. सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा दिवस, शून्य सावलीचा, कोल्हापूरला साधारण ६-७ मेला येतो, पुण्याला १३-१४ मेला, मुंबईला १५-१६ मेला, नागपूरला २६ मेच्या आसपास. आमची मुंज नेमकी या दिवसांतली. ऊन सरळ टाळूवर पडत होतं, कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळ, डोळे भुवयांच्या सावलीत. आता कळतं, तेव्हा मी उगाच फ्लॅशचं मॅन्युअल वाचत बसले होते.

नागपूर-अमरावतीकडच्या लोकांनी हे आकडे जरा अलीकडे ओढायचे. नागपूरला मेच्या मध्यात सूर्य पाच पस्तीसच्या सुमारालाच उगवतो आणि पावणेसातला मावळतो, पुण्यात मावळायला सात वाजतात, मुंबईत आणखी पाचेक मिनिटं. घड्याळ सगळ्या देशाचं एक असलं तरी सूर्याला त्याचं काय. म्हणून तर म्हणतेय सावली बघा, ती गावागावाला बरोबर असते.

पायरी तिसरी : उन्हाची बाजू ओळखायची

वेळ जमली की बाजू. यासाठी एक सोपी युक्ती आहे. हात समोर लांब करायचा, मूठ वळायची आणि स्वतःभोवती हळूहळू एक गिरकी घ्यायची, नजर मुठीवर. एका जागी मूठ सपाट दिसेल, सगळीकडे सारखं ऊन. एका जागी बोटांच्या पेरांवर अर्धं ऊन, अर्धी सावली, हाताच्या शिरा, सुरकुत्या सगळं उठून दिसेल. आणि सूर्याकडे तोंड केलं की मूठ काळपट, पण कडेने एक उजळ रेघ. समोरून, बाजूने आणि मागून येणारं ऊन म्हणजे हेच. लोक बघतात, हसतात, हसू देत.

याचा सगळ्यात चांगला धडा मला आमच्या गच्चीवरच्या वाळवणाने दिला. आई दरवर्षी एप्रिलमध्ये कुरडया करते. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटून-गाळून चीक काढायचा, तो पहाटे उठून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून जुन्या धुतलेल्या साडीवर घालायच्या, म्हणजे सात-साडेसातला गच्ची भरलेली असते. मी पहिल्यांदा फोटो काढले ते आपलं निवांत आवरून, अकरा-साडेअकराला. साडीवर पांढरे ठिपके, बास. कुरडई आहे की गोवऱ्या घातल्यात ते कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी साडेसातला गेले आणि साडीच्या कडेला उकिडवी बसले, ऊन डावीकडून जवळजवळ आडवं येत होतं. तीच कुरडई, पण आता प्रत्येक धागा वेगळा, एका धाग्याची सावली दुसऱ्या धाग्यावर, वेटोळ्याच्या मधला खळगा खोल दिसतोय, ओलसर कडांवर चमक, आणि सोऱ्याच्या ताटलीने पाडलेल्या बारीक रेघासुद्धा दिसत होत्या. मग त्याच जागी सूर्याकडे तोंड करून बसले आणि शेजारचा अर्धवट वाळलेला साबुदाण्याचा पापड उचलून धरला, तर त्यातला एकेक साबुदाणा काचेच्या मण्यासारखा पेटला. तेवढ्यात आई ओरडली की तो पापड खाली ठेव, मोडेल. मोडला.

तर खडबडीत, विणलेलं, कोरलेलं असं काहीही असेल, जुना दगड, टोपली, आजोबांचे हात, तर ऊन बाजूने घ्या. पातळ, आरपार दिसणारं असेल तर मागून. समोरून येणारं ऊन रंग दाखवायला बरं, रंगवलेलं दार, होड्या, रांगोळी. पण माणसाला समोरून ऊन दिलं की डोळे मिचमिचे होतात. त्यावर उपाय म्हणजे त्यांना डोळे मिटायला सांगायचं, एक-दोन-तीन म्हणायचं आणि तीनला उघडायला लावायचं, लगेच क्लिक. लहान मुलांना हा खेळच वाटतो.

मागून येणाऱ्या उन्हावर माझा जास्त जीव आहे. एप्रिल-मेमध्ये बहावा फुलला की त्या पिवळ्या झुंबराखाली संध्याकाळी उभं राहा आणि सूर्य घोसाच्या बरोबर मागे येईल अशी जागा शोधा. समोरून काढलेला बहावा नुसता पिवळा ठिपका वाटतो, मागून ऊन आलं की पाकळ्यांतल्या शिरा दिसतात. गुलमोहर, ताम्हण, सगळ्यांना हेच लागू. फक्त सूर्य थेट फ्रेममध्ये घेऊ नका, त्याला फांदीआड लपवा, आणि लेन्सवर ऊन येत असेल तर वरून हात आडवा धरा, टोपी धरा, नाहीतर सगळा फोटो धुरकट होतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवाला (स्क्रीन नाही, थेट काचेतून बघायचा) कॅमेरा असेल, त्यातून झूम लेन्स लावली असेल, तर त्यातून सूर्याकडे चुकूनही बघायचं नाही, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

पायरी चौथी : दुपार टळत नसेल तर

लग्न, मुंज, गेट-टुगेदर, आपल्याकडचे सगळे कार्यक्रम भर दुपारीच असतात, त्यामुळे खरी परीक्षा इथे असते.

मोकळी सावली शोधायची. मोकळी म्हणजे कशी, डोक्यावर छप्पर आहे पण समोर आभाळ उघडं आहे. पडवी, ओसरी, दाराची चौकट, बिल्डिंगचं पार्किंग, एसटी स्टँडची शेड, देवळाचा सभामंडप. माणसाला आत खोल नेऊ नका, आत नुसता अंधार असतो. सावलीच्या काठापासून दोन फूट आत उभं करायचं, तोंड बाहेर उजेडाकडे, आणि तुम्ही उन्हात किंवा काठावर. घाम तुमचा जाईल, फोटो त्यांचा चांगला येईल. डोळ्यांत बघा, बाहेरच्या आभाळाचा एक पांढरा ठिपका दिसला की जागा बरोबर सापडली.

मग मागे काय आहे ते बघायचं. वर ते सोळा पटीचं सांगितलं ना, तोच घोळ इथे होतो, माणूस सावलीत आणि मागे उन्हातलं अंगण. मागे पण सावलीतलंच काहीतरी यायला पाहिजे, ओसरीची भिंत, लाकडी दार, आतली अंधारी खोली तर उत्तमच. नवीन लोक जागा निवडतात ती मागचा सीन बघून, मी पण तेच करायचे. आता आधी लाईट, मग पार्श्वभूमी, आणि सीन जमला तर जमला.

झाडाखालची सावली ही फसवी. आमराईत कवडसे पडलेले डोळ्यांना किती छान दिसतात, पण फोटोत नवरीच्या एका गालावर पांढरा डाग, दुसरा गाल हिरवट. (जाता जाता, हे कवडसे गोल का असतात माहितीये का, पानांमधली भोकं वेडीवाकडी असतात तरी? तो प्रत्येक गोल म्हणजे सूर्याचंच चित्र असतं, भोकातून पडलेलं. ग्रहण लागलं की सगळ्या कवडशांच्या चंद्रकोरी होतात.) झाड घ्यायचंच तर वडासारखं दाट घ्या आणि तिथेही काठावर या.

आणि रंग. उजेड ज्याच्यावरून परत येतो त्याचा रंग घेऊन येतो, हे मला त्या मंडपाने शिकवलं. निळ्या कापडाखाली माणूस निळा होणारच, आणि दोन रंगांचं कापड असेल तर एडिटिंगमध्येही ते सुटत नाही, निळा काढायला जावं तर पिवळा आणखी पिवळा. मंडपवाल्याला आधीच सांगता आलं तर पांढरं कापड सांगा, तो पांढरा मंडप म्हणजे फुकटचा स्टुडिओ आहे अक्षरशः. नाहीतर निदान फॅमिली फोटोंना मंडपाबाहेर ओसरीत या. कोकणात जांभ्याची लाल जमीन असते, तिच्यावरून आलेला उजेड हनुवटीखाली तांबूस दिसतो, तो वाईट नाही दिसत. हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीजवळ मात्र कुणाला उभं करू नका, माणूस आजारी वाटतो.

सावलीही नाहीच मिळाली तर माणसाची पाठ सूर्याकडे करा, म्हणजे चेहरा निदान सारखा सावलीत येतो, आणि समोरून खालच्या बाजूने पांढरं काहीतरी धरा. रिफ्लेक्टर म्हणून विकतात ते चांगलेच, पण थर्माकोलची शीट, पांढरी चादर, दोघांनी पसरून धरलेलं धोतर, काहीही चालतं. चंदेरी फॉईल भर उन्हात धरू नका, समोरच्याला डोळे उघडता येत नाहीत. टळटळीत दुपारी डोक्यावर ऊन असताना आणखी एक करता येतं, माणसाला मान जराशी वर करायला सांगायची आणि आपण स्टुलावर चढायचं, भुवयांची सावली डोळ्यांवरून हटते. ग्रुप फोटोला मी आता घरातलं स्टूल मागूनच घेते.

पायरी पाचवी : कॅमेऱ्याला काय सांगायचं

मोबाईलवाल्यांनी चेहऱ्यावर बोट टेकवायचं, शेजारी छोटा सूर्य येतो तो बोटाने खालीवर करायचा. उन्हाळ्यात बहुतेक वेळा जरासा खालीच. बोट दाबून धरलं तर फोकस आणि एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं, मग फ्रेम हलवली तरी बदलत नाही. भर उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही आणि आपण उगाच फोटो उजळ करत सुटतो, म्हणून ब्राइटनेस फुल करा किंवा डोक्यावर ओढणी घेऊन बघा.

कॅमेरा असेल तर दोनच गोष्टी आधी शिका. एक, हायलाइट वॉर्निंग चालू करा, जळलेला भाग लुकलुकतो. दोन, एक्स्पोजर कॉम्पन्सेशनचं बटण, फोटो कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा उजळ (अधिक) किंवा गडद (उणे) करायचं. आजोबा पांढरं धोतर-टोपी घालून अंधाऱ्या ओसरीच्या तोंडाशी बसलेत, कॅमेरा अंधार बघून सगळं उजळ करतो आणि टोपी जळते, तिथे उणे पाऊण-एक स्टॉप. उलट पूर्ण फ्रेमभर पांढरं वाळवण असेल तर कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड झाला, तो सगळं राखाडी करतो, तिथे अधिक पाऊण-एक. पहिल्यांदा उलटंच वाटतं. जमेल तर रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाईल) काढा, सावलीतलं नंतर बरंच वर काढता येतं, जळलेलं पांढरं काही केल्या परत येत नाही.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, ऑटोवर ठेवला तरी चालतं, पण संध्याकाळी नको. ऑटो त्या सोनेरी उजेडाला चूक समजून दुरुस्त करतो, आणि मग आपण म्हणतो प्रत्यक्षात किती छान होतं, फोटोत आलंच नाही. डेलाइटवर ठेवा, साधारण ५५०० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप). सावलीत उजेड निळ्या आभाळाचा असतो म्हणून सगळं निळसर येतं, तिथे शेड किंवा क्लाउडी.

पोलरायझर फिल्टरचं थोडक्यात. पानांवरची, पाण्यावरची चकाकी मारतो, आभाळ गडद करतो, बदल्यात एक-दोन स्टॉप उजेड खातो. सूर्याशी काटकोनात असलेल्या आभाळावर तो सगळ्यात जास्त चालतो. विकत घेण्याआधी पोलराइज्ड गॉगल मोबाईलच्या लेन्ससमोर धरून गोल फिरवून बघा, फरक लगेच कळेल.

पायरी सहावी : वास्तू कुठे तोंड करून आहे ते आधी विचारा

किल्ला, देऊळ, लेणी काढायला जाणार असाल तर नकाशा उघडून दिशा बघा, यात पाच मिनिटं जातात आणि अख्खी ट्रिप वाचते. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यात खोदलीत, सकाळी दहाला पोचलात तर समोरची बाजू सावलीत असते, उन्हं कलल्यावर दगड उजळतो. मंगळवारी बंद असतं, ते एक लक्षात ठेवा. मुंबईत गेटवेचं तोंड बंदराकडे, म्हणजे सकाळी चौकातून काढाल तर कमान काळी आणि मागे उजळ आभाळ, ज्यांना तसं हवं त्यांनी सकाळी जावं, मरीन ड्राइव्हला संध्याकाळी.

शनिवारवाड्याची मजा वेगळी आहे. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, हिवाळ्यात सूर्य सगळा दिवस दक्षिणेकडून जातो त्यामुळे त्या भिंतीवर ऊन पडतच नाही. पण मेच्या मध्यानंतर सूर्य उगवतो तोच पूर्वेच्या बराच उत्तरेला, आणि सकाळी आठच्या सुमाराला त्याचं ऊन त्या बाजूच्या बुरुजांना घासत जातं, बाजूने, आडवं. दगडांतली प्रत्येक खाच दिसते. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकला कंटाळलेल्या पुणेकरांनी उन्हाळ्यात एक सकाळ इथे घालवायला हरकत नाही.

कोकणातल्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो मात्र मागच्या डोंगर-माडांतून. त्यामुळे सकाळी किनारा बराच वेळ सावलीत असतो आणि समुद्रावर ऊन आधी येतं. ती वेळ पोर्ट्रेटला झकास, आणि बाकीचे पर्यटक तेव्हा झोपलेले असतात. एसी रूममधून कॅमेरा घेऊन थेट बाहेर आलात तर तिथल्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते, पुसली तरी परत येते, म्हणून कॅमेरा बॅगेतच ठेवून बॅग अर्धा तास आधी बाहेर गॅलरीत ठेवा.

पायरी सातवी : सूर्य बुडाला म्हणून निघू नका

सूर्य बुडाल्यावर लोक टाळ्या वाजवून भेळ खायला जातात. थांबा. पाच-सात मिनिटांनी खरा रंग चढतो आणि मग आभाळ गडद निळं व्हायला लागतं, घरातले, टपऱ्यांवरचे पिवळे दिवे आणि ते निळं यांचा उजेड थोडा वेळ सारखा होतो. आपल्याकडे हे पण झटपट संपतं, सूर्यास्तापासून काळोख पडेपर्यंत अर्धा तासही मिळत नाही. ट्रायपॉड नसेल तर मोबाईल दगडावर, पाण्याच्या बाटलीला टेकवून टायमर लावायचा.

आणि वळीव! दुपारभर तापलं, चारच्या पुढे पूर्वेकडे किंवा डोक्यावर काळं दाटून आलं, अर्धा तास कोसळून गेलं की पश्चिमेला ढगाखाली एक फट उघडते आणि त्यातून ऊन येतं. हवेतली महिन्याभराची धूळ धुतलेली असते. अशा वेळी सगळे सूर्याकडे बघतात, तुम्ही पाठ फिरवा. समोर काळंभोर आभाळ आणि त्याच्यापुढे उन्हाने पेटलेला गुलमोहर, ओला डांबरी रस्ता, पत्र्याचं छप्पर, असं काँट्रास्ट वर्षभरात दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळत नाही. पलीकडे अजून पाऊस असेल तर इंद्रधनुष्यही दिसेल, पण त्यासाठी सूर्य ४२ अंशांच्या खाली असावा लागतो, म्हणजे परत सावलीचाच हिशोब, सावली तुमच्यापेक्षा जरा लांब झालेली हवी. विजा चमकत असतील तर मात्र गच्चीवर, मैदानात जायचं नाही, फोटो खिडकीतून काढा.

उन्हाचा त्रास आपल्याला होतो तसा यंत्रालाही होतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतच वापरा असं असतं आणि विदर्भात तर सावलीतच ४४-४५ असतं, त्यामुळे कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात नको, ओल्या नसलेल्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळून बॅगेत. मोबाईल तापून कॅमेरा बंद पडला तर थेट फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं, कव्हर काढून सावलीत ठेवा.

आता गृहपाठ. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत किंवा अंगणात, जिथे बराच वेळ ऊन येतं तिथे एक माठ ठेवा. माठच का, तर तो गोल असतो, चमकत नाही, आणि त्याच्या पोटावर ऊन कुठून येतंय, सावली कुठे सुरू होते ते स्पष्ट दिसतं, चेहऱ्यासारखंच. सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला एक फोटो, त्याच जागेवरून, सेटिंग ऑटो. दुपारी एकदा माठ उचलून दाराच्या आत दोन फूट ठेवून पण काढा. रात्री सगळे फोटो शेजारी शेजारी लावून बघा.

मी केलं तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये माठाचे पंधरा फोटो झाले. आईने गॅलरी उघडली, एकामागून एक सगळे बघितले आणि विचारलं, "स्थळ पाठवायचंय का याचं कुणाला?" मग चष्मा लावून परत मागे गेली आणि त्यातला दाराच्या आतला फोटो दाखवून म्हणाली, माझा पण असा काढ एक.